टेकडीवालीची घोडी आणि आत्याचं नाक

आमच्या आत्याच्या पागेत काहीही शिरायचं तर आधी तिच्या नाकाखालून जावं लागतं. गवताची पेंढी असो, पाण्याची बादली असो, नवं खोगीर असो की नवा जावई, आत्या आधी वास घेते, मग आत सोडते. जावयाचं मी गमतीने म्हटलं, पण अगदीच गमतीने नाही. गवताची मूठ हातात घेऊन ती मधोमध मोडते, मोडलेला भाग नाकाशी धरते आणि डोळे मिटते. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. डोळे उघडले की ते गवत एक तर घोड्यापुढे पडतं, नाही तर दाराबाहेर. मधला रस्ता तिला ठाऊक नाही.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. पण आता तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला आत्याच म्हणतात. आमच्याकडची जमीन उताराची आणि ओली. ट्रॅक्टर तिथे रुततो आणि मग त्याला ओढून काढायला आत्याचेच घोडे लागतात. नांगराला तीन घोडे आणि वेताला दोन घोड्या, एवढा तिचा संसार. नवरा गेला तेव्हा लोकांनी घोडे विकायचा सल्ला दिला. आत्याने सल्ला देणाऱ्यांचा फक्त वास घेतला असावा, कारण दुसऱ्या दिवशी ती नांगर जुंपून शेतात उभी राहिली. मुलगा लांब रस्त्यांच्या कामावर असतो. घरात ती आणि तिची सून.

घोडेवाल्यांच्या गटाचं वेड सुनेने आणलं. फोनवर कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, सगळी घोड्यांवर शेती करणारी किंवा घोडे वाढवणारी. कुणी जोखडाचा फोटो टाकतो, कुणी शिंगराच्या पायाचा. कुणी विचारतो, घोडा खांदा का चोरतो, आणि चार देशांतून चार उत्तरं येतात. फोन त्यांची भाषा आपल्या भाषेत करून देतो. फोनची मराठी म्हणजे नवशिक्याचा स्वयंपाक, पोट भरतं, चव विचारायची नाही. एकदा फोनने लिहिलं होतं, 'तुमच्या घोडीला माझा नमस्कार आणि तिची मागची बाजू उत्तम आहे.' आत्या म्हणाली, "खरं तेच बोललाय. भला माणूस दिसतो."

तो भला माणूस म्हणजे टोपीवाला. थंड मुलखातला म्हातारा, झोपतानाही टोपी काढत नसावा असं आत्याचं मत. दुसरी टेकडीवाली. चाळिशीची बाई, एकटी, टोपीवाल्याच्या शेजारच्या देशात एका टेकडीच्या पोटाशी तिचं शेत. नांगराचे दोन घोडे आणि एक तांबडी घोडी, गाभण. टेकडीवालीच्या पागेत फोनला रेंज नाही. काही विचारायचं तर तिला वर फाटकापर्यंत चढून यावं लागतं. तरी ती चढून यायची आणि आत्यालाच विचारायची. आत्याला ते फार आवडायचं. "बाई शहाणी आहे," ती म्हणायची, "विचारायचं कुणाला ते तिला कळतं."

आता त्या अंथरणाची गोष्ट.

पूर्वी आत्या घोड्यांच्या ठाणात पेंढा अंथरायची. आमच्या ओल्या हवेत पेंढा भिजतो, भिजला की कुजतो, आणि त्यावर उभ्या घोड्याचा खूर खालून मऊ पडून घाण मारायला लागतो. आत्याने ते अंथरूण बदललं. नदीकाठच्या आरागिरणीत रंध्याखालून लाकडाचे पातळ, कुरळे छिलके निघतात, ते ती पोत्यांनी आणायला लागली. एका हिवाळ्यात खूर दगडासारखे टणक झाले. मग सुनेने व्हिडिओ काढला. आत्या ठाणात उभी, हातात छिलक्यांची ओंजळ, आणि सांगते आहे, "गिरणीतून आणा, कोरडे आणा, बुरशीचा वास नसला की बिनघोर अंथरा." बिनघोर हा शब्द तिने हात झटकून म्हटला. व्हिडिओ गाजला. गटातल्या लोकांनी तो आपापल्या ओळखीत पुढे धाडला. टोपीवाल्यानेही पसंतीचा अंगठा पाठवला. आत्या आठवडाभर जरा उंच मानेने चालत होती.

टेकडीवालीने अंथरूण बदलल्याचा फोटो पाठवला. तिच्या गावच्या फर्निचरवाल्याकडून छिलके आणले होते. गडद तपकिरी, चकचकीत, जवळजवळ चॉकलेटी. मधोमध तांबडी घोडी पोट सांभाळून उभी. आत्याने फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाली, "बघ, मखमलच जणू. कळव तिला, राणीचं अंथरूण झालंय म्हणावं."

सुनेने कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या खरारा करत होती तेव्हा सून फोन घेऊन पागेत आली. टेकडीवालीकडे तेव्हा संध्याकाळ असते.

"आई, तिच्या तिन्ही घोड्यांचे पाय सुजलेत म्हणते. चारी पाय, खालून."

"ठाणात उभे राहून सुजले असतील," आत्या खरारा न थांबवता म्हणाली. "पाऊस असेल तिकडे, बाहेर काढले नसतील. चालव म्हणावं जरा. चाललं की उतरते सूज."

हे खोटं नव्हतं. घोडा दिवसभर एका जागी उभा राहिला की पाय भरतात, आणि चालवलं की उतरतात. कुठलाही घोडेवाला हेच सांगेल. घोडेवालाच हे इतक्या खात्रीने सांगेल, दुसरं कुणी नाही. सुनेने लिहिलं. फोनवर दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे वाचलं.

पुढचा निरोप आला तेव्हा आत्या बादली धूत होती. सुनेने वाचून दाखवला आणि वाचता वाचता तिचा आवाज खाली गेला. "चालवले. घोडी येत नव्हती, ओढून नेली. आता ती पुढचे पाय लांब टाकून मागे रेलते. खुरांना हात लावला तर गरम आहेत. मी खाली तिच्याकडे जाते."

आत्याने हातातली बादली खाली ठेवली. पुढचे पाय लांब टाकून मागे रेललेला घोडा तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता. तिच्या सासऱ्यांचा पांढरा घोडा असाच रेलला होता आणि पुन्हा कधी नांगराला उभा राहिला नाही. खुराच्या आतलं मांस तापतं, सुजतं, आणि वरच्या कठीण नखाला धरून असलेला त्याचा आधार सुटायला लागतो. अशा वेळी घोड्याला एक पाऊलही चालवायचं नसतं.

"लिही," आत्या म्हणाली. "चालवू नको म्हणावं. अजिबात नको. आणि विचार, दाणा जास्त दिला का? कोवळं गवत? काय नवं घातलं पोटात?"

सुनेने लिहिलं. या वेळी एकच खूण उमटली. निरोप इथून निघाला होता, तिथे पोचला नव्हता. टेकडीवाली फाटकावरून खाली गेली होती.

आत्या ओट्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. "तिघांनाही एकदम," ती स्वतःशीच बोलत होती. "एकाने दाणा चोरून खाल्ला तर एक आजारी पडेल. तिघं एकदम का? तिघांना सारखं काय झालं?" आणि मग तिची नजर ठाणाकडे गेली. तिघांना सारखं काय झालं होतं ते सुनेलाही कळलं होतं, पण सासूला ते तोंडावर म्हणायची तिची छाती झाली नाही.

"आई," ती एवढंच म्हणाली, "तो फोटो पुन्हा बघायचा का?"

आत्याने फोटो पाहिला. मग खाली वाकून स्वतःच्या ठाणातले छिलके उचलले. पांढरट, फिकट पिवळे. फोटोतले गडद. तिने आपले छिलके नाकाशी नेले. मग, सून म्हणते, तिने फोनही नाकाशी नेला. क्षणभरच. आणि लगेच खाली केला.

"गिरणीत चल," ती म्हणाली.

आरागिरणीचा मालक, आम्ही त्याला आरेवाला म्हणतो, आत्याचा जुना चेष्टेखोर. पट्ट्यावर फळी सरकवता सरकवता तो ओरडला, "आलात? आज कशाचा वास घ्यायचाय? नाकाने कांदे सोलून झाले वाटतं घरचे."

"मशीन बंद कर," आत्या म्हणाली.

तिच्या आवाजात काही होतं. त्याने मशीन बंद केलं. गिरणी एकदम इतकी शांत झाली की छतावरून गळणारा भुसा ऐकू यायला लागला. आत्याने फोन त्याच्यापुढे धरला. "हे लाकूड कुठलं?"

आरेवाल्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. "माझं नाही हे. माझ्याकडे पाइन येतो, दुसरं काही नाही, ठाऊक आहे तुम्हाला." तो आणखी वाकला. "हा अक्रोड दिसतोय. साधा नव्हे, काळा अक्रोड. महागडं फर्निचर करतात. मी एकदा कपाटासाठी रंधला होता, आठवडाभर हात काळे. का हो? घोड्याला चालत नाही का?"

"मला कुठे ठाऊक," आत्या म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून मी तरी आधी कधी ऐकले नव्हते. मी तिथेच होतो, फळ्या न्यायला गेलो होतो.

सुनेने तिथेच लाकडाच्या ओंडक्यावर बसून गटात विचारलं, काळ्या अक्रोडाचे छिलके घोड्याखाली घातले तर काय होतं? उत्तर यायला फार वेळ लागला नाही. टोपीवाल्याचं होतं, आणि फोनने नेहमीसारखं नटवून न लिहिता सरळ लिहिलं होतं. 'कुणी घातले? ताबडतोब काढा. त्याने खूर तापतात. घोडे हलवू नका, छिलके हलवा. पाय धुवा, खुरांना बर्फ लावा, डॉक्टर बोलवा. आमच्याकडे हे पोरांनाही ठाऊक असतं.'

आत्याने सुनेला लिहायला लावलं, "मग माझ्या व्हिडिओखाली का नाही लिहिलंत?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'कारण आमच्याकडे हे पोरांनाही ठाऊक असतं. मला वाटलं, तुम्हालाही असेल.'

 आमच्याकडे आरेवाल्याशिवाय काळा अक्रोड कुणी पाहिलेला नाही, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे तो सगळ्यांनी पाहिलेला आहे, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. आणि टेकडीवालीला कुणी सांगितलंच नव्हतं. ती घोड्यांवर नवीनच, वडिलांच्या मागे शेत अंगावर पडलेली. ती एका बाईच्या हात झटकून म्हटलेल्या बिनघोर शब्दावर विसंबली होती.

आता सगळं एका खुणेवर येऊन थांबलं. सुनेने टेकडीवालीला चार निरोप धाडले, चारींपुढे एकेकच खूण. फोन लावला, लागला नाही. इकडे ऊन चढत होतं आणि तिकडे रात्र चढत होती. टेकडीवाली तिच्या घोडीपाशी बसलेली असणार, त्याच छिलक्यांवर, आणि घोडीला जरा मऊ वाटावं म्हणून आणखी एक पोतं मोकळं करत असणार. हे आत्याच मोठ्याने बोलली. "मी असते तर तेच केलं असतं," ती म्हणाली. "पाय दुखणाऱ्याखाली माणूस आणखी अंथरतो."

आरेवाला उगाच फळीवरून हात फिरवत उभा होता. "तिच्या गावात कुणी ओळखीचं नाही का तुमच्या?" त्याने विचारलं.

"तिच्या गावाचं नावसुद्धा नीट म्हणता येत नाही आम्हाला," सून म्हणाली. आणि मग एकदम फोटोवर वाकली. फोटोच्या कोपऱ्यात, घोडीच्या शेपटीमागे, दाण्याचं, ओटचं पोतं होतं. त्यावर दुकानाचं नाव आणि खाली आकडे. दुकानाच्या नावाचं अर्धं घोडीच्या शेपटीने झाकलं होतं, आकडे मात्र पुरे दिसत होते.

"आई, हा फोन नंबर आहे."

"लाव."

"आपण लावून बोलणार काय? त्यांची भाषा कुणाला येते?" मग तिने स्वतःच उत्तर दिलं, "टोपीवाल्याला येत असेल. शेजारचाच देश."

नंबर टोपीवाल्याकडे गेला. टोपीवाल्याने लिहिलं, 'लावतो.' त्यानंतर काही नाही.

आम्ही घरी आलो. वाटेत आत्या इतकी भराभर चालत होती की सुनेला मागून पळावं लागत होतं. घरी येऊन तिने फावडं उचललं आणि स्वतःच्या पागेतले छिलके बाहेर ओढायला सुरुवात केली. एक ठाण, दुसरं ठाण. घोडे कान वळवून बघत होते.

"आई, आपलं पाइन आहे," सून म्हणाली. "आपल्या घोड्यांना काही झालेलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग कशाला काढताय?"

"हात रिकामे ठेववत नाहीत," आत्या म्हणाली आणि काढतच राहिली. मीही फावडं घेतलं. शहाणपणाची गोष्ट नव्हती ती. पण त्या वेळी जगात कुठेतरी एका पागेतून छिलके बाहेर पडायला हवे होते, आणि ज्या पागेपर्यंत आमचे हात पोचत होते ती हीच होती.

मधेच ती थांबली. "तो व्हिडिओ पुसता येतो का गं?"

"आपल्याकडचा येतो. ज्यांनी पुढे धाडला त्यांच्याकडचा नाही."

"किती जणांनी धाडला?"

"ते कळत नाही, आई."

आत्याने फावड्यावर दोन्ही हात ठेवले आणि हनुवटी हातांवर. "दावं तोडून पळालेला घोडा तरी दिसतो कुठे गेला ते," ती म्हणाली.

दुपार कलल्यावर फोन वाजला. टोपीवाल्याचा निरोप होता, तुकड्यातुकड्याने आलेला. दुकानदाराने आधी त्याला शिव्या घातल्या होत्या, झोपेतून उठवलं म्हणून. मग घोडीचं नाव काढल्यावर तो ऐकू लागला, कारण घोडीचा बाप त्याच्या भावाचा घोडा. दूध थंड करायच्या केंद्रातून त्याने बर्फ घेतला, गाडी काढली, जाता जाता जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना उचललं. ते टेकडीवर पोचले तेव्हा टेकडीवाली खरोखरच आणखी एक पोतं फोडत होती.

यापुढचं टेकडीवालीनेच तिकडे उजाडल्यावर फाटकावर येऊन सांगितलं, आवाजाचा निरोप करून. तिचा आवाज घोगरा होता. भाषा आम्हाला कळत नव्हती, तरी आत्याने फोनचं भाषांतर वाचायच्या आधी तो आवाज पूर्ण ऐकला. नांगराच्या घोड्यांची सूज उतरत होती, ते खात होते. घोडी उभी होती, बर्फाच्या बादल्यांत पुढचे पाय घालून. डॉक्टरीणबाईंनी औषध टोचलं होतं आणि पोटाला कान लावला होता, शिंगरू जिवंत होतं. घोडी पुन्हा नीट चालेल का, ते सांगता येत नाही म्हणाल्या होत्या. वेळेवर निघालं अंथरूण, पण तिला ओढून चालवलं नसतं तर बरं झालं असतं, असंही म्हणाल्या होत्या.

शेवटच्या वाक्यावर आत्याने मान खाली घातली.

टेकडीवालीला राग आला होता का? आला असेल. पुढे बरेच दिवस तिने आत्याला काही विचारलं नाही. आत्याने मात्र रोज सकाळी, गवताचा वास घेण्याआधी, सुनेला विचारायचं, "टेकडीवालीचं काही?" आणि सुनेने मान हलवायची. त्या दिवसांत आत्या जेवताना उठून जायची.  आरेवाला एकदा चेष्टेने म्हणाला, "नाकावर माशी बसू द्यायला लागलात की काय हल्ली?" आत्या वळून चालू लागली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच पाइनची दोन पोती पागेत टाकून गेला.

मधल्या काळात तिने नवा व्हिडिओ केला. या वेळी ठाणात उभी राहिली नाही. गिरणीत गेली, पाइनचा ओंडका दाखवला, त्याची साल, त्याचा आतला रंग, आणि म्हणाली, "माझ्या इथे हे लाकूड आहे. याचं मी सांगू शकते. तुमच्या इथे काय आहे ते मला ठाऊक नाही. काळा अक्रोड असेल तर घोड्यापासून लांब ठेवा. आणि तुमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं म्हणून तुम्ही जे सांगत नाही, ते मला सांगा." ती थोडी थांबली आणि म्हणाली, "बिनघोर हा शब्द मी मागे घेते."

गटात निरोपांचा पूर आला. एका देशातून, तांबड्या मेपलची सुकलेली पानं घोड्याला खाऊ देऊ नका. दुसरीकडून, कुंपणाला लावतात त्या यू नावाच्या झाडाच्या छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नका. तिसरीकडून, कापलेल्या हिरवळीचा ढीग घोड्यापुढे ओतू नका. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ, निरनिराळ्या शब्दांत: आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आत्या सुनेकडून एकेक वाचून घ्यायची आणि तिचा चेहरा आणखी आणखी गंभीर होत जायचा. "एवढं सगळं," ती म्हणाली, "आणि मी हात झटकून मोकळी झाले होते."

मग एके दिवशी टेकडीवालीचा व्हिडिओ आला. वर काही लिहिलेलं नव्हतं. तांबडी घोडी फाटकाच्या रस्त्याने चालत होती, पोट आणखी मोठं झालेलं.

"चालतेय, आई," सून म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

आत्याने डोळे भरू दिले नाहीत. "मऊ मातीत कुणीही चालेल. लिही तिला, कडक जागी आण. खडीवर. आणि छोट्या गोलात वळव. वळताना कळतं."

सून घुटमळली. "इतक्या दिवसांनी तिने पाठवलंय, आणि आपण लगेच..."

"लिही. चालवून दाखव म्हणू नको. जमलं तर, म्हणावं. डॉक्टरीणबाईंना विचारून."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. फाटकापाशी खडी होती. दुकानदार दोर धरून उभा, कडेला एक बाई हाताची घडी घालून, त्या डॉक्टरीणबाई असाव्यात. घोडी खडीवर आली. तिला गोलात वळवलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे.

आत्याने व्हिडिओ पाहिला नाही. तिने फोन कानाशी धरून डोळे मिटले. फोनला वास नसतो, पण खडीवर पडणारा खूर ऐकू येतो. दुखरा पाय असला की घोडा तो लवकर उचलतो आणि चालीत एक ठोका अपुरा पडतो. आम्ही तिच्याभोवती उभे होतो. पागेतले घोडेही चघळायचे थांबले होते, असं मला वाटलं.

टप, टप, टप, टप. वळली. टप, टप, टप, टप.

व्हिडिओ संपला. आत्याने डोळे उघडले नाहीत. फोन तसाच कानाशी धरून तिने सुनेपुढे बोट केलं.

"परत लाव," ती म्हणाली.